हात दिला तर पाय धरला

...आणि वर मलाच विचारते, "आजोबा, मानलं का?" मी म्हटलं, काय मानलं? काय मानायचं? पाठ कोणाची टेकली होती? तिची. वर उभं कोण होतं? मी. मग हरलं कोण? तुम्हीच सांगा. तुम्ही इथं बाकावर बसलेली सगळी बाहेरची माणसं, कोणाचा हात गळ्यात, कोणाचा पाय प्लास्टरात, आमच्या घरात तुमचं येणंजाणं नाही, म्हणजे खरं बोलाल. पाठ टेकली की कुस्ती संपली. हो का नाही?

नाही, बसा हो बाई निवांत, ते एक्सरेचं पाकीट ठेवा मांडीवर, आत्ता कुठं तेविसावा नंबर आत गेलाय, आणि तो कसा गेला ते बघितलंत ना, मला तर वाटलं दाराशी पोचेपर्यंत त्याचा पाय आपोआप बरा होतो की काय. माझा एक्केचाळीस. म्हणजे वेळ आहे. सांगतो.

ती निळ्या शर्टातली पोरगी दिसतेय का, खिडकीवर कागद काढायला उभी आहे ती, एक कान जरा सुजल्यासारखा... ती माझी नात. बावीस वर्षांची. लिफ्ट दुरुस्त करते. हो, लिफ्ट. मी आयुष्यभर लोकांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढलो, आणि माझी नात लिफ्ट दुरुस्त करते, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. असं आहे सगळं.

कपाटं म्हणजे खरीच कपाटं. सामान हलवायचं काम होतं माझं. दिवसा कपाटं आणि संध्याकाळी तालीम, आणि तालमीत मला नावच पडलं होतं कपाट, कारण एकदा उभा राहिलो की कोणाला हलवता येत नव्हतं. आमची ही म्हणते, "बोलण्यातसुद्धा तसाच आहे हा माणूस, दार एकदा अडकलं की अडकलं." म्हणू दे. पन्नास वर्षं म्हणतेय, एक दिवस थांबणार थोडीच.

तर तुम्हाला सांगतो, माझा डाव एकच. लोक पंचवीस डाव शिकतात आणि ऐन वेळी एकही आठवत नाही. मी एकच शिकलो. पट काढायचा. म्हणजे समोरच्याचा पाय धरायचा. सोपं वाटतं ना? धरून दाखवा. समोरचा काय झाड आहे? समोरच्याच्या मानेवर हात ठेवायचा, जरा त्रास द्यायचा, माशी बसल्यासारखा, तो वैतागून हात झटकायला गेला की त्याचं लक्ष वर, आणि तेवढ्यात आपण खाली. आपला एक गुडघा जमिनीवर, डोकं त्याच्या बरगडीला चिकटवलेलं, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यामागे, आणि तो पाय छातीशी असा आवळायचा, असा, दुसऱ्याचं मूल पळवून नेल्यासारखा. आणि उठायचं. बस. एका पायावर माणूस किती वेळ उभा राहणार? दोन पावलं नाचतो आणि पाठ टेकते. पाठ टेकली की कुस्ती संपली. मग आपण काय करायचं? सोडायचं. लगेच सोडायचं, मागे व्हायचं, आणि पडलेल्याला हात द्यायचा. हे महत्त्वाचं, नीट ऐका, पुढे लागणार आहे. हात द्यायचा आणि त्याला उठवायचं. आमच्या वस्तादांनी पट शिकवायच्या आधी हात द्यायला शिकवलं. म्हणायचे, ज्याला पाडलेल्याला उठवता येत नाही त्याने कोणाला पाडू नये.

हे सगळं मी पोरीला शिकवलं. सहा वर्षांची होती. घरातल्या गाद्या बैठकीत टाकायच्या, टेबल भिंतीला सरकवायचं, आणि मी मधे उभा आणि ती धावत येऊन माझा पाय धरायची. आमची ही दारात उभी. "अहो, पोरीचे दात पाडाल." पडले ना, दोन पडले, पण ते दुधाचे होते, पडणारच होते. आणि तुम्हाला खोटं नाही सांगत, असा पट मी तालमीत चाळीस वर्षांत बघितला नाही. चौदाव्या वर्षी शाळेतले पोरगे हिच्यासमोर खिशात हात घालून उभे राहायला घाबरायचे. मी मनात म्हटलं, झालं, माझ्यानंतर हा डाव आता हिच्याकडे. माझा मुलगा तर कुस्तीच्या नावाने पळायचा, त्याला आवडायचं चित्रं काढायला. म्हटलं, काढ बाबा. नातीने भरून काढलं.

आणि मग ती एक लिफ्ट बंद पडली.

कुठली म्हणजे काय, बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका इमारतीतली, मला काय ठाऊक कुठली. ही गेली दुरुस्त करायला. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आणि समोर एक हॉल, आणि हॉलमध्ये दहा-बारा माणसं जमिनीवर एकमेकांत गुंतून पडलेली, उन्हात वाळत घातलेली चादर वाऱ्याने दोरीला गुंडाळते ना, तशी. लिफ्ट दुरुस्त झाली आणि पोरगी अडकली. त्याला जिउ-जित्सू म्हणतात. मला म्हणताना जीभ घसरते म्हणून मी म्हणतो लोळण्याचा क्लास. तीन वर्षं झाली. आठवड्यातून चार दिवस लोळते. आणि तालीम? "वेळ नाही हो आजोबा." लोळायला वेळ आहे, उभं राहायला वेळ नाही.

मी एकदा गेलो बघायला. लिफ्टने गेलो, निदान तेवढा तिचा उपयोग. खुर्ची दिली मला कडेला. दोन पोरी समोरासमोर आल्या, हाताला हात लावला, आणि तुम्हाला सांगतो, त्यातली एक चक्क खाली बसली. कोणी हात लावला नाही, ढकललं नाही, काही नाही. बसली आणि पाठीवर आडवी झाली. मी खुर्चीतून उठलो आणि ओरडलो, "पडली, पडली! संपली कुस्ती!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथली शिकवणारी आली. बारीकशी बाई, चष्मा, आवाज एवढासा. दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांचे दात उपटते आणि संध्याकाळी हे.

मला म्हणते, "आजोबा, ती पडली नाही. ती बसलीय."

"का? दमली?"

"नाही. हल्ला करतेय."

"बसून?"

"बसून."

"अहो, पण पाठ टेकली की."

"टेकू दे ना. आमच्याकडे पाठ टेकली की सुरू होतं."

ऐकलंत? पाठ टेकली की सुरू होतं म्हणे. माणूस पाण्यात बुडाल्यावर पोहणं सुरू होतं, तसंच झालं हे. मी परत खुर्चीत बसलो, नाही, बसलो नाही, बसवलं मला, कारण गुडघ्यात काहीतरी कट्ट वाजलं होतं. ते नंतर.

पण बघितलं मी पुढचं. मी आडमुठा असेन, आंधळा नाही. ती खालची पोरगी ढुंगणावर सरकत सरकत पुढे आली, आणि तिने आपले दोन्ही पाय वरच्या पोरीच्या एका पायाभोवती असे गुंडाळले, असे, तुमच्या छत्रीची दांडी द्या जरा... हे बघा, हा वरचीचा पाय. एक पाय याच्या आतून, एक बाहेरून, गुडघ्याच्या वर आवळला. आता ही दांडी कुठं जाणार? कुठंच नाही. मग वरची बसलीच दणकन, आणि हिने तिचं पाऊल घेतलं काखेत, टाच घेतली कोपराच्या खोबणीत, आणि फक्त अंग वळवलं. जोर नाही, आरडाओरडा नाही. आणि वरचीने पटापट गादीवर हात आपटला. सोड, असं. हात आपटला की सोडायचं, तो त्यांचा नियम. आम्ही मांडीवर थाप मारतो ती ये म्हणायला, हे थाप मारतात ती सोड म्हणायला. घ्या, ही तुमची छत्री.

मी डॉक्टरणीला विचारलं, "टाच पिळली, मग टाच दुखते का?"

म्हणाली, "नाही, गुडघा. टाच म्हणजे किल्ली, आजोबा. कुलूप वर गुडघ्यात असतं. म्हणून नवीन माणसाला आम्ही हे करूच देत नाही."

तेव्हा मला फरक कळला, आणि हा मी घरी जाऊन हिलापण सांगितला, आणि हिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतला. आम्हीपण पायच धरतो, तेपण पायच धरतात. पण आम्ही पाय धरतो तो दाराची कडी धरल्यासारखा. कडी ओढली, दार उघडलं, आत गेलो, काम झालं, कडी जिथल्या तिथं. आणि हे लोक? ह्यांना दाराशी काही मतलब नाही, आत जायचंच नाही. हे कडीच पिळून काढून नेतात. ही म्हणाली, "आणि तुमची कडी आधीच ढिली झालीय, त्याचं काय?"

ते गुडघ्याबद्दल होतं.

आता गुडघ्याचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा इथं आलाच कशाला. काही विशेष नव्हतं. उजवा गुडघा जरा हट्टी झाला होता. जिना चढताना मी पहिल्या मजल्यावर थांबायचो, दुसऱ्या मजल्यावर थांबायचो. कोणी वरून-खालून आलं तर तिथं भिंतीवर लाइटचे मीटर आहेत ना, त्यांच्याकडे बघत उभा राहायचो, जरा मान डोलवायची, कोणाचं किती जळतंय ते बघतोय असं. सहा महिने कोणाला पत्ता लागला नाही. मग एक दिवस नात वरून उतरली.

"काय बघताय आजोबा?"

"मीटर."

"काय म्हणतोय मीटर?"

"ठीक आहे."

"आजोबा, तुम्ही चष्मा घरी विसरलाय. आणि मीटर त्या बाजूला आहेत. ही पत्रपेटी आहे."

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. दवाखाना, दवाखाना, दवाखाना. ही एका बाजूने, नात दुसऱ्या बाजूने, मुलगा फोनवरून. मी म्हटलं, मी नाही जाणार. दवाखान्यात गुडघा घेऊन गेलं की तो तिथंच ठेवून घेतात आणि दुसराच देतात. मी माझाच वापरणार. मग एकदा जेवताना मी, मूर्खासारखा, बोलून गेलो. म्हटलं, "मला कोण पाय तपासा म्हणतंय? जिला पाय धरून उभ्याने पाडता येत नाही, लोळून धरावा लागतो, ती?"

नातीने घास खाली ठेवला. अगदी थंड आवाजात म्हणाली, "ठरलं. एक कुस्ती. तुम्ही जिंकलात तर मी तालमीत येते, आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर. मी जिंकले तर तुम्ही दवाखान्यात येताय, आणि डॉक्टर जे म्हणेल ते करताय. चालेल?"

आमची ही म्हणाली, "चालेल." मला विचारलंसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा एकाहत्तर वर्षांचा, त्याने हो का म्हणावं? का नाही म्हणावं? मला ती तालमीत हवी होती हो. तो पट... तो असा लोळण्यात वाया चाललाय बघून माझा जीव तुटत होता. मी गेलो की हा डाव कोण काढणार? पाय हवा तर पाय, गुडघा हवा तर गुडघा, म्हटलं ये.

रविवारी सकाळी, त्यांच्याच हॉलमध्ये. मी माझा पंच घेऊन गेलो. रंगारी म्हणतो आम्ही त्याला, घरं रंगवायचा, तालमीत माझा जोडीदार, चाळीस वर्षांत मी त्याला हजार वेळा पाडला असेन, म्हणजे माझा पट जवळून बघितलेला त्याच्याइतका अनुभवी माणूस नाही. कानाने जरा कमी ऐकतो, पण म्हटलं पंचाला डोळे पुरेत. त्यांच्याकडून पंच डॉक्टरीण. आणि मधे खुर्चीवर आमची ही, पिशवीत मलमाची बाटली घेऊन. नवऱ्यावर विश्वास बघा.

डॉक्टरणीने नातीला बाजूला घेतलं, हळू सांगितलं, पण मी ऐकलं. "धरायचं. पिळायचं नाही. अजिबात नाही." मला इतका राग आला. म्हटलं, "पिळू दे की, मी काय धुतलेलं धोतर आहे?" डॉक्टरीण हसली. नात हसली नाही.

सुरू झालं. मी मांडीवर एक थाप ठोकली, सवयीने. डॉक्टरीण लगेच मधे आली, "थांबा! आजोबांनी सोड म्हटलं!" मी म्हटलं अहो, सोड नाही, ये म्हटलं. परत सुरू.

हात मानेवर ठेवला. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी गुडघा होता का नव्हता मला आठवत नाही. पोरीने हात झटकला, वर, अगदी हवा तसा, तिचा डावा पाय पुढे, आणि मी गेलो खाली. गेलो! डावा गुडघा टेकवला, उजवा नाही, तेवढी अक्कल आहे मला. डोकं बरगडीला. पाय छातीशी. आणि उठलो. कसा उठलो विचारू नका, पण उठलो, आणि ती एका पायावर एक उडी, दुसरी उडी, आणि मी कंबर वळवली आणि धप्. चारी मुंड्या चीत. दोन्ही खांदे गादीवर. रंगाऱ्याने दोन्ही हात वर केले, "चीत! चीत!" आमची ही खुर्चीतून अर्धी उठली. मी म्हटलं, पाठ टेकली की कुस्ती संपली, आणि पाय सोडला, आणि मागे झालो.

आणि मग मी काय केलं? जे पन्नास वर्षं केलं ते केलं. वाकलो आणि हात दिला. ऊठ बाळा. तिच्या कमरेशेजारी माझा पाय, आणि माझा हात तिच्यासमोर. कुठल्याही तालमीतला कुठलाही पैलवान हेच करेल. आणि तिने काय करावं? तिने माझा हात धरला, छान धरला, प्रेमाने, आणि दुसऱ्या हाताने माझी टाच. हात दिला तर पाय धरला! मला कळेपर्यंत तिचे दोन्ही पाय माझ्या पायाभोवती, ते छत्रीचं दाखवलं ना मघाशी, तसेच, आणि मी खाली बसलो, अगदी सावकाश, तिनेच हाताने सांभाळून बसवलं, बाळाला टोपलीत ठेवतात तसं. पाऊल काखेत. टाच कोपरात.

"आजोबा, मानता?"

मी म्हटलं, "काय मानता? कुस्ती संपली! रंगाऱ्या, सांग हिला!"

रंगारी म्हणाला, "काय?"

"सांग हिला संपली म्हणून!"

"हो, हो, चालू आहे," तो म्हणाला. त्याला वाटलं मी विचारतोय. चाळीस वर्षांचा जोडीदार. एक कान नीट असता तर मी आज इथं नसतो.

"मानता का?" ती परत.

"नाही!"

आणि तेवढ्यात मी जरा हललो, फक्त हललो, कंबर सोडवायला, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. ओरडलो नाही. आवाज निघाला. त्यात फरक आहे. पण मोठा निघाला. खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघायला आला, इतका.

आणि पोरीने सोडलं. एकदम सोडलं, हात वर केले, दोन्ही, दोन्ही रिकामे. तोंड पांढरं पडलेलं. डॉक्टरणीकडे बघून म्हणाली, "मी पिळलं नाही. ताई, मी नुसतं धरलं होतं. मी काहीच केलं नाही."

डॉक्टरीण म्हणाली, "मी बघत होते. तू काहीच केलं नाहीस."

तुम्हाला सांगतो, तिने पिळलंच नव्हतं. मग दुखलं ते काय होतं? ते माझंच होतं. सहा महिन्यांचं मीटरसमोर उभं राहून जमा केलेलं. ती माझ्याजवळ गुडघ्यावर बसली, हळूच विचारलं, "इतकं दुखतं आजोबा? रोज?" मी म्हटलं, "रोज नाही. जिन्यावर." ती म्हणाली, "आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो." आमच्या हिने मलमाची बाटली उघडली आणि गुडघ्याला लावायला घेतलं.

मग भांडण. भांडण व्हायलाच पाहिजे होतं, नाहीतर सगळे रडले असते. मी म्हटलं, मी जिंकलो. तिची पाठ आधी टेकली. पाठ टेकली की कुस्ती संपली, नंतर तिने जे केलं तो कुस्तीबाहेरचा गुन्हा आहे. रंगारी म्हणाला चीत तर झालीच होती, हे मी डोळ्यांनी बघितलं. डॉक्टरीण म्हणाली आमच्या नियमात चीत बीत काही नसतं, आणि आजोबा तोंडाने ओरडले की हरले. मी म्हटलं आवाज निघाला. ती म्हणाली आवाजपण चालतो. अर्धा तास. शिंपीसुद्धा मधे बोलला, त्याचं मत कोणी विचारलं नव्हतं. शेवटी आमची ही उठली, बाटलीला झाकण लावलं, आणि म्हणाली, "तुमच्या नियमाने तुम्ही जिंकलात, तिच्या नियमाने ती जिंकली. म्हणजे दोघंही हरलात. ती मंगळवारी तालमीत, तुम्ही बुधवारी दवाखान्यात. चला घरी, भात करपेल."

बघा. पन्नास वर्षांत तिने पहिल्यांदा कुस्तीवर बोट ठेवलं आणि दोघांना एकदम पाडलं.

काल मंगळवारी गेली नात तालमीत. खरंच गेली. आत्ताचा वस्ताद मला काल भेटायला घरी आला, तीन मजले चढून, धापा टाकत, मी म्हटलं मीटर बघितले का? म्हणाला, "काका, पोरीचा पट काय आहे हो. लागोपाठ चारजणींना पाडलं. पण एक अडचण आहे." मी म्हटलं कसली? म्हणाला, "पाडते, हात देते, उठवते... सगळं छान. पण रविवारचं सगळ्यांच्या कानावर गेलंय, आता पडलेल्या पोरी हात घ्यायला तयार नाहीत. आधी विचारतात, पाय नक्की सोडणार ना?"

मी खूप हसलो. हसता हसता थांबलो. कारण तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला सांगा, त्या रविवारी तिने हात झटकला तो किती वर झटकला होता? आणि डावा पाय किती पुढे ठेवला होता? सहा वर्षांची असल्यापासून मी तिला सांगतोय, पाय असा उघडा ठेवू नको, कोणीतरी काढून नेईल. ती ठेवेल? तिने मला पट दिला हो. ताटात वाढून दिला. कारण तिला ठाऊक होतं, पाठ टेकली की म्हातारा थांबणार, आणि थांबला की वाकून हात देणार. दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मीच शिकवलं होतं. काल रात्री जेवताना विचारलं तिला सरळ. म्हटलं, "मुद्दाम पडलीस?" तर डोळे ताटात. म्हणे, "आजोबा, पट तुमचा खरा होता. मी फक्त लवकर पडले."

लवकर पडले म्हणे!

आता मी रागावू कसा? तुम्ही सांगा. रागावलो तर कबूल करावं लागेल की जिंकलो नव्हतो. नाही रागावलो तर...

थांबा, काय म्हणाली ती दारातली नर्सबाई? एक्केचाळीस? लगेच? आणि तेविसाव्याचं काय झालं, मागच्या दाराने गेला? हो हो, मीच एक्केचाळीस. हो, आलो. एक विचारतो बाई, बसून तपासतील ना? बसून दाखवतो मी, खुर्चीत, चांगला दिसतो. काय? झोपायचं? बरं, कुशीवर झोपतो. नाही? पाठीवर... दोन्ही खांदे टेकवून? आणि हलायचं नाही? अहो पण...

ऐकलंत ना तुम्ही सगळ्यांनी? मी काही बोललो नाही, तीच बोलली. पाठ टेकली की...

ही बघा आली. कागद काखेत, आणि उभी राहिली समोर वाकून, हात पुढे. "चला आजोबा, उठा." हात देतेय मला. आणि पाय बघा, डावा, पुढे, माझ्या अगदी पुढ्यात, उघडा. असा पाय... तुम्हाला सांगतो, आत्ता खाली गेलो, छातीशी घेतला आणि उठलो की ह्या सगळ्या दवाखान्यासमोर फिटंफाट. पण पट काढायला आधी गुडघा वाकावा लागतो, आणि तो वाकत असता तर मी इथं कशाला आलो असतो.

दे बाई हात.